लवजी सुताराची गोदी

चिंचवडला समुद्राशी काही देणंघेणं नाही. पवनेत होडी दिसते ती थेरगावच्या बोट क्लबवर, नाहीतर पावसाळ्यात मोरया गोसावींच्या घाटाला पाणी लागलं की अग्निशमन दलाची. तरीही जहाजं बांधणाऱ्या एका घराण्याच्या मागावर मी मुंबईला निघालो, त्यामागचं कारण चिंचवडमध्येच आहे. आमच्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, कुठल्याही टूलरूममध्ये नवा जॉब आला की लोक आधी ड्रॉइंग मागतात. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत कंपनीचं नाव, मंजुरीची सही आणि तारीख असते. ते नाव बहुधा जर्मन, जपानी किंवा कोरियन असतं. सुटा भाग इथे बनतो, मायक्रॉनमध्ये मोजून बनतो, पण रेषा कुणीतरी दुसरीकडे मारलेली असते. मी आयुष्यभर अशीच ड्रॉइंग वाचत आलो. त्यामुळे एका सुताराच्या घरात सहा-सात पिढ्या तासणीही होती आणि पुढे कंपासही आला, हे वाचल्यावर त्या घराण्याची जागा पाहावीशी वाटली.

घराणं वाडियांचं. पुण्यात वाडिया म्हटलं की आधी कॉलेज आठवतं. बंडगार्डन रस्त्यावरचं नौरोसजी वाडिया कॉलेज १९३२ सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलं त्या नौरोसजींनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग काढली. कॉलेजात शिकलेल्या माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना ही मंडळी कापड गिरणीवाली एवढंच माहीत. गिरणीच्या आधी दीडशे वर्षांच्या आसपास या कुटुंबाचा धंदा एकच होता, मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणं.

सिंहगड एक्स्प्रेस पकडली. पासवाल्यांचे पत्ते तळेगावच्या आत सुरू होतात, त्यात बदल नाही. कामशेत, मळवली करत गाडी लोणावळ्याला येते. भुशी धरणावर भिजायला जाणाऱ्यांनी वाटेतलं आयएनएस शिवाजीचं फाटक पाहिलेलं असतं. फेब्रुवारी १९४५ पासून आरमाराचे इंजिनियर इथे, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर घडवले जातात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विनोदी वाटतं. पण इंजिनाला डोंगर काय आणि दर्या काय. पुढे बोरघाट. हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी इंग्रज सरकारने इथलं इंडियन नेव्ही हे दल मोडीत काढलं. लोखंड डोंगर चढून आलं आणि सागवानी जहाजांचा काळ त्याच सुमारास उतरला.

सीएसएमटीला उतरल्यावर मी टॅक्सी घेतली नाही. फोर्टात बाजारगेटच्या बाजूला, पेरीन नरिमन स्ट्रीटवर, बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. १८८२ सालचा. पारशी अग्यारीसारखी घडण, पंखांचे इराणी बैल आणि वर ज्योत. भोवती झेरॉक्सची दुकानं, हातगाड्या आणि कुरिअरची पोती. अलीकडच्या वर्षांत काळा घोडा असोसिएशनने त्याची डागडुजी केली, त्यामुळे आता तो निदान दिसतो. मरीन लाइन्सजवळ प्रिन्सेस स्ट्रीटवर वाडियाजी आतश बेहराम आहे, १८३० सालचं. तिथे आपल्याला बाहेरूनच पाहावं लागतं. मुंबईत वाडिया नाव अशा ठिकाणी भेटतं, मनोऱ्यावर, अग्यारीवर, परळच्या इस्पितळावर. मूळ ठिकाण मात्र भिंतीआड आहे.

ती भिंत शहीद भगतसिंग रस्त्याला लागून आहे. लायन गेट म्हणतात ते हे नौदलाच्या गोदीचं दार, वर दगडी सिंह. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही आणि तो नसावाच. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मी एवढंच म्हणू शकतो की या भिंतीच्या पलीकडे अठराव्या शतकात बांधलेल्या सुक्या गोद्या आहेत आणि डंकन डॉक अजून कामात आहे. फोटो काढायचा नाही. पहारेकऱ्याने मला न विचारताच ते सांगितलं.

इथे १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी आला. सुरत तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं जहाजबांधणीचं मोठं बंदर. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज तिथे बांधलं जात होतं आणि त्यावर लवजी मुकादम होता. कंपनीच्या माणसाने त्याची हुशारी हेरली आणि मुंबईला चल म्हणाला. लवजी दहा सुतारांना घेऊन निघाला. कंपनीला त्याची गरज का होती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तरी आंग्र्यांचं आरमार कुलाबा आणि विजयदुर्गावर होतंच. शिवाय जंजिऱ्याचा सिद्दी. मुंबईच्या व्यापाऱ्याला गुराबा आणि गलबतांच्या धाकात गोणी हलवाव्या लागत. मुंबईची गोदी उभी राहण्यामागे मराठ्यांचा धाक हे एक मोठं कारण होतं. म्हणजे वाडियांच्या भाग्योदयात आंग्र्यांचाही वाटा धरायला हवा.

विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही दिसते. आनंदराव धुळपांची जहाजं तिथे डागडुजीला येत. धुळपांच्या लढायांचं वर्णन शाळेत वाचलं. त्यांच्या सुताराचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. लवजीचं नाव टिकलं याला एक कारण कंपनीची कागद ठेवण्याची खोड. नेमणूक, पगार, बक्षीस, सगळं चोपड्यांत.

लवजीने पहिलं काम केलं ते जागा निवडण्याचं. सुकी गोदी म्हणजे समुद्राच्या काठावर दगडात बांधलेला खोल हौद. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं, दार लावून उरलेलं उपसायचं. मग तळ उघडा पडतो आणि सुताराला खाली जाऊन काम करता येतं. यासाठी भरती-ओहोटीत पुरेसा फरक लागतो आणि मुंबईत तो आहे. वरची गोदी १७५० पर्यंत झाली, मधली १७६२ मध्ये, खालची १७६५ मध्ये. गोदी नसती तर मोठ्या जहाजाला किनाऱ्यावर आडवं पाडून एकेक कूस खरवडावी लागली असती. आशियात अशा प्रकारची पहिली सुकी गोदी म्हणून मुंबईचं नाव घेतलं जातं आणि त्यामुळेच इंग्रजांचं मोठं आरमार या किनाऱ्यावर टिकू शकलं.

दुसरी गोष्ट लाकूड. लवजीला लाकूड आणायला उत्तरेकडे जंगलांत पाठवलं जाई. पुढे मलबारचं सागवान मुख्य झालं. युरोपात जहाजं ओकची. ओकच्या अंगात आम्ल असतं, ते लोखंडी खिळा खातं. सागवानात तेल असतं, ते खिळ्याला जपतं आणि किडीलाही सहज दाद देत नाही. मुंबईच्या सुतारांची फळ्या जोडण्याची रीतही वेगळी होती. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, दोन्ही एकमेकीत बसवायच्या, मध्ये कापूस आणि डिंकासारखं रोगण. युरोपात नुसती कडेला कड लावून फट भरत. ओकच्या जहाजाचं आयुष्य पंधराएक वर्षं, तर मुंबईची जहाजं पन्नास वर्षं सहज काढत. ही फुशारकी नाही, त्या काळचे इंग्रज अधिकारीच हे लिहीत होते, आणि इंग्लंडमधले जहाज बांधणारे त्यावर चिडतही होते.

लवजी १७७४ मध्ये वारला. त्याची मुलं माणेकजी आणि बोमनजी यांनी काम पुढे नेलं. मला जास्त आवडणारी गोष्ट नातवांची. फ्रामजी माणेकजी आणि जमशेदजी बोमनजी या दोघांना आजोबांनी गोदीत लावलं ते साहेबाच्या टेबलावर नाही, महिना १२ रुपये पगारावर, सुतार म्हणून. आमच्याकडे भोसरीत अजून काही जुने कारखानदार पोराला आधी लेथवर उभं करतात. अशी घरं कमी होत चालली आहेत आणि ते चांगलं लक्षण नाही, असं माझं मत आहे.

जमशेदजी या घराण्यातला सर्वांत नावाजलेला. लंडनमध्ये ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्याचं तैलचित्र आहे, त्याची प्रतिमा छापलेली किंवा पडद्यावर सहज पाहायला मिळते. पांढरा जामा, डोक्यावर पगडी, कमरेच्या पटक्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी, हातात कंपास. आणि समोर जहाजाचा नकाशा. कंपनी आपल्या मुख्य बांधणाऱ्याला अशी चांदीची पट्टी मानाने देत असे. बाजूला खिडकीतून जहाज दिसतं, ते मिंडेन. ७४ तोफांचं हे जहाज १९ जून १८१० रोजी डंकन डॉकमधून पाण्यात उतरलं. ब्रिटिश राजाच्या नौदलासाठी हिंदुस्थानात बांधलेलं एवढं मोठं हे पहिलंच लढाऊ जहाज. अमेरिकेचं राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिलं गेलं असं अभिमानाने सांगणारे अनेक भेटतात. इतिहासकारांना ते मान्य नाही आणि मिंडेनला असल्या उसन्या दागिन्याची गरजही नाही.

जमशेदजीची आणखी एक आख्यायिका आहे. एका जहाजाच्या पोटात, कण्यावरच्या तुळईवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं असं त्याने शिवीसकट कोरून ठेवलं आणि पुढे डागडुजीत ते सापडलं. खरं असेल किंवा नसेल. पण आमच्या शॉपफ्लोअरवर ज्याने काम केलंय त्याला ती पटेल. साच्याच्या मागच्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे नाव पंच करणारे फिटर मी पाहिले आहेत.

आता ड्रॉइंगकडे. कारण त्या चित्रातल्या कागदाची गोष्ट सरळ नाही. मिंडेननंतर दोन वर्षांनी इंग्लंडच्या आरमार खात्याने मुंबईकडून एक फ्रिगेट मागितली. तिचे नकाशे जावा नावाच्या जहाजातून निघाले. मुंबईचा नवा गव्हर्नर आणि बांधणीसाठी लागणारा तांब्याचा पत्राही त्याच जहाजावर. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाला गाठलं, फोडलं आणि जाळलं. नकाशे गेले. नव्या प्रती काढून पुन्हा पाठवाव्या लागल्या. आमच्याकडे ई-मेल आला नाही म्हणून दोन दिवस मशीन उभं राहिलं तर प्लॅनिंगवाला डोकं धरून बसतो, इथे कणा १८१६ मध्ये टाकला गेला.

ते नकाशेही मुळात इंग्रजांचे नव्हतेच. १७८२ मध्ये इंग्रजांनी एब नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. झाक नोएल साने या फ्रेंच रचनाकाराची ती निर्मिती. तिची मापं घेऊन इंग्रजांनी आपल्या लीडा वर्गाच्या फ्रिगेट काढल्या आणि त्यातली एक बांधायला मुंबईला दिली. सानेच्याच दुसऱ्या एका पकडलेल्या जहाजाची रेषा वापरून पुढे मुंबईत गँजिस (१८२१) आणि एशिया (१८२४) ही ८४ तोफांची जहाजं झाली. म्हणजे रेषा फ्रान्सची, शिक्का लंडनचा, सागवान मलबारचं, हात मुंबईच्या पारशी आणि इतर सुतारांचे. जागतिक सप्लाय चेन ही चाकणची नवलाई आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने ही यादी वाचावी.

ती फ्रिगेट म्हणजे ट्रिंकोमाली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईत पाण्यात उतरली. कणा टाकताना पारशी रिवाजाप्रमाणे जमशेदजीने त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. खर्च २३,६४२ पौंड. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. दापोडीच्या पुलावरून आपण रोज जातो त्याच भागात पेशवाईचा शेवट सुरू झाला. एकाच महिन्याभरात सह्याद्रीच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते. शाळेत या दोन तारखा कुणी एका ओळीत मांडल्या नाहीत.

ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, संग्रहालय म्हणून. तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. इंग्लंडला पोचेपर्यंत नेपोलियनची युद्धं संपली होती, त्यामुळे तिला कित्येक वर्षं नुसतं बांधून ठेवलं. वापरलंच नाही म्हणून टिकली, असं कुणी म्हणेल. पण ओकची असती तर नुसती उभी राहूनही कुजली असती.

लायन गेटपासून चालत मी एशियाटिकच्या पायऱ्यांवर येऊन बसलो आणि हिशेब मांडला. कागदावरची रेषा जहाज कशी होते? जहाजाचं पोट कुठेही सपाट नसतं. म्हणून नकाशातल्या वक्ररेषा माळ्याच्या जमिनीवर खऱ्या मापात मारतात. लवचीक लाकडी पट्टी घ्यायची, ठरलेल्या बिंदूंवर शिशाची वजनं ठेवून तिला वाकवायचं आणि पट्टी स्वतःहून जे वळण घेईल ते खडूने आखायचं. कुठे टेंगूळ आलं तर एखादं वजन किंचित सरकवायचं. डोळा जमिनीला लावून सुतार ती रेषा पाहतो. मग तिच्यावरून पातळ फळीचे फर्मे कापतात आणि फर्म्यांवरून जहाजाच्या बरगड्या. विमानं आणि मोटारींच्या कारखान्यांतही मोठ्या वक्रता पुष्कळ वर्षं अशाच काढल्या जात. चाकणला गाडीचं बॉनेट पडद्यावर ओढणारी मुलगी चार बिंदू देते आणि संगणक त्यातून गुळगुळीत वक्र काढून देतो, ते गणित त्या वाकलेल्या पट्टीचं. तिला लवजी माहीत नाही, लवजीला गणित माहीत नव्हतं, पण टेंगूळ दोघांनाही खपत नाही.

या घराण्याची खरी मोठी उडी पुढची आहे. १८३८ मध्ये जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण चुलतभाऊ इंग्लंडला गेले, जहाजरचनेचं शास्त्र शिकायला. चॅटमच्या शाही गोदीत त्यांनी शिक्षण घेतलं. अडीच वर्षांच्या मुक्कामावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, १८४१ मध्ये लंडनमध्ये छापलं, आणि मुखपृष्ठावर आपल्या नावापुढे नेव्हल आर्किटेक्ट असं बिरुद लावलं. महिना १२ रुपयांच्या सुतारापासून इथपर्यंत दोन पिढ्या.

ते पुस्तक वाचण्यासारखं आहे. प्रवासवर्णन म्हणून इंग्रजीत हिंदी माणसांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक, आणि गंमत म्हणजे यात बघणारे आणि बघितले जाणारे सतत अदलाबदल करतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ही दोघं पारशी पोशाखात गेली, तर भोवती इतकी गर्दी जमली की पिंजऱ्यातल्या प्राण्यांइतकंच कुतूहल आपलंही होत असावं असं ते हसत लिहितात. दुसऱ्या पानावर तेच दोघे वाफेची इंजिनं, करवतीच्या गिरण्या, लोखंडी साखळ्यांचे कारखाने यांची नोंद बारकाईने करतात. कारखाना पाहायला गेलेला कारागीर कसा पाहतो, हे त्यात कळतं. तो वास्तूच्या कमानी पाहत नाही, पट्टा कुठून फिरतो ते पाहतो.

त्यांच्या मागोमाग १८३९ मध्ये अर्देशर कर्सेटजी वाडिया निघाला, सुएझच्या वाटेने. त्यानेही रोजनिशी छापली. अर्देशरचा जीव लाकडात नव्हता, वाफेत होता. १८३३ मध्ये त्याने इंडस ही छोटी आगबोट पाण्यात उतरवली. पुढच्याच वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, तेही स्वतः गॅस बनवून, आणि गव्हर्नर पाहायला आला. २७ मे १८४१ रोजी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, हा मान मिळालेला पहिला भारतीय. दुसरा रामानुजन, १९१८ मध्ये. मधली ७७ वर्षं कोरडी. त्याच १८४१ साली मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत तो मुख्य इंजिनियर झाला, हाताखाली गोरे कारागीर. काही गोऱ्यांना ते रुचलं नाही, त्या काळच्या वर्तमानपत्रांत कुरकूरही झाली. त्याने काम केलं. १८५७ मध्ये निवृत्त झाला, १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. १९६९ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं.

इथे या कथेतली बोच आहे. हे तिघे शास्त्र शिकून आले तेव्हा शिकायचं होतं ते बदलून गेलं होतं. जगाला आता लोखंडी कवच आणि इंग्लंडचं इंजिन हवं होतं. लोखंड, कोळसा आणि पोलाद ओढण्याच्या गिरण्या मुंबईत नव्हत्या आणि त्या इथे उभ्या राहाव्यात अशी राज्यकर्त्यांची इच्छाही नव्हती. सागवानाचा गुण हाच जिथे पाया, तिथे पाया सरकला. गोदी राहिली, बांधणी आटत गेली, दुरुस्ती उरली. या घराण्यातली मुख्य बांधणाऱ्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे थांबली. तोवर लवजीच्या वंशजांनी लहानमोठी तीनशेहून अधिक जहाजं बांधली होती. हुशारी कमी पडली असं म्हणणं अन्याय होईल. भांडवल मग कापसात गेलं, गिरण्यांत गेलं. एक फांदी तर सिनेमात गेली. जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंच्या वाडिया मूव्हीटोनच्या बोधचिन्हावर जहाज होतं. १९३५ च्या हंटरवालीतल्या नादियाच्या चाबकाआधी प्रेक्षकांना लवजीचं शीड दिसत होतं म्हणायचं.

गोदी पाहायची असेल तर समुद्रातून पाहावी. गेटवेहून घारापुरीची लाँच पकडली आणि डाव्या कुशीला बसलो. लाँच सुटताच डाव्या हाताला करड्या रंगाच्या युद्धनौकांची रांग सुरू होते. क्रेन, बुरूज, रडारची जाळी. लाँचवरचा पोरगा फोटो न काढण्याची सूचना देतो आणि पुन्हा चिप्स विकायला लागतो. त्या नौकांमागे कुठेतरी जुना दगडी हौद आहे. पुढे उत्तरेला माझगाव. तिथे १७७४ ची छोटी गोदी होती. तिच्याभोवती वाढलेली माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारने घेतली. १९७२ ची निलगिरी तिथे बांधली, पण ब्रिटिश आराखड्यावर. १९८३ च्या गोदावरीचा आराखडा मात्र नौदलाच्या आपल्या रचनाकारांनी काढला. लाँचच्या कठड्याला टेकून मी हा हिशेब केला, १८४१ ते १९८३, एकशे बेचाळीस वर्षं. हार्टलपूलला जायचं जमेल तेव्हा जमेल, ही रांग तरी आत्ताच पाहता येते. माझगावातच बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचा आराखडा पुन्हा फ्रेंचांचा आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. सानेच्या काळापासून तो रस्ता चालू आहे, एवढंच.

शिडाच्या नौकांची गोष्ट थोडी वेगळी झाली आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी याच बंदरातून एकटे निघाले आणि म्हादेई या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आले. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस यार्डात बांधली. तिचे नकाशे नेदरलँड्सच्या व्हॅन द श्टाट या कंपनीचे. पुढे त्याच यार्डात तारिणी झाली आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगाला फेरी मारली. दांडेकरांच्या यार्डात डच कागद, गोव्याचे हात, असं ते जुनं सूत्र पुन्हा चाललं आणि चांगलं चाललं.

मग २०२३ मध्ये गोव्यात एक चमत्कारिक काम हाती घेतलं गेलं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात एक तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. तेवढ्यावरून, खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाज बांधायचं. होडी इनोव्हेशन्स या गोव्याच्या कंपनीने ते बांधलं, शिवणकाम केरळच्या बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केलं. नकाशा कुणाकडेच नव्हता. चित्रकाराने अर्थातच मापं दिलेली नाहीत. तळ कसा होता ते पाण्याखाली आहे, चित्रात नाही. नौदलाच्या रचनाकारांनी चित्रावरून अंदाज बांधले, मद्रास आयआयटीत नमुन्याच्या चाचण्या झाल्या, आणि बाकीचं शंकरन यांनी डोळ्याने ठरवलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते कौंडिण्य या नावाने नौदलात आलं आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतला निघालं. या जहाजाच्या ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात कुणाचं नाव घालायचं, हे मी परतीच्या गाडीत शेजारच्या पासवाल्या डिझायनरला विचारलं. चाकणच्या एका मोटार कारखान्यात तो काम करतो. त्याने पत्ता टाकता टाकता सांगितलं, रिव्हिजन नंबर तरी शून्यच लिहायला हवा.